सात श्वास

त्या रानात मरण बाहेरून येत नाही; ते ज्याच्या त्याच्या चुकीतूनच उगवतं, अशी तिथल्या हरणांची पक्की समजूत होती.

रान तसं सुखाचं होतं. तीन अंगांनी नदी, चौथ्या अंगाला काळा कडा आणि मधे पोटभर गवत. वाघ म्हातारा होऊन कधीच मेला होता. कोळसुंदे रानकुत्रे नदीपलीकडे निघून गेले होते. उरला होता एकटा शिकारी. हरणं त्याला दुपाया म्हणत, आणि तेही दबक्या आवाजात. खरं तर त्याच्या दोन पायांपैकी एक अधूच होता, पण कळपात ते कुणी बोलून दाखवत नसे. एकशेवीस हरणांनी एका लंगड्याला भ्यावं, हे बोलायला काही बरं दिसत नाही.

दुपायाची सारी दौलत म्हणजे त्यानं स्वतः बनवलेलं धनुष्य. बांबूची फाक धुरावर शेकून वाकवलेली, तिला आतड्याची पिळलेली तात. बाण बोरूचे, शेपटाला घारीची पिसं आणि टोकाला गारेचं, म्हणजे गारगोटीचं, पातं. हे पातं घडवणं मोठं कटकटीचं काम. मांडीवर कातडं टाकून, डाव्या मुठीत गार धरून तो शिंगाच्या तुकड्यानं तिच्या कडांचे टवके काढत बसे. दहातली सहा पाती घडवता घडवताच फुटत. उरलेली बोरूला डिंकानं आणि धाग्यानं बांधली, की एखाद्या हाडावर किंवा खडकावर आदळून तीही कामातून जात. ही टकटक साऱ्या रानात ऐकू येई. म्हणजे कुणाला तरी मारायची तयारी चालली आहे, हे एकशेवीस जणांना एक दिवस आधीच समजत असे. समजून पुढं करायचं काय, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून ती चरत राहत.

इतर ठिकाणी मेल्या म्हशीला मणभर दूध असतं. या रानात उलटं होतं, मेलेल्या हरणाची मणभर खोट निघे. हरीण पडलं की तिसऱ्या दिवशी भर दुपारी मोहाच्या झाडाखाली सारा कळप जमायचा. त्याला खोटबैठक म्हणत. मेलेल्याचं काय चुकलं ते तिथं ठरे, आणि ठरलं की तसं पुन्हा कुणी वागू नये असा नेम केला जाई. खोट सांगण्याचा मान शेवाळ्याचा होता.

शेवाळ्या हा कळपातला सगळ्यांत भरदार नर. शिंगं अशी, की झाडाखालून जाताना त्याला मान तिरकी करावी लागे. त्या शिंगांवर हिरवट झाक होती, म्हणून हे नाव. पण त्याचा मान शिंगांमुळं नव्हता. ती त्यानं झाडाच्या सालींवर घासण्यापलीकडं कधी वापरलीच नव्हती. मान होता तो त्याच्या जिभेमुळं.

ही रीत त्याच्यापासूनच सुरू झाली होती. त्याची जोडीदारीण दवणी कड्याखाली मिठाचा दगड चाटत असताना बाण लागून पडली, तेव्हा त्यांची लेक कुसळी जेमतेम पायांवर उभी राहायला शिकली होती. कळप भेदरून मोहाखाली गोळा झाला. सगळे एकच विचारत होते, असं कसं झालं? आणि सगळ्यांच्या डोळ्यांत दुसरा प्रश्न होता, आता माझं काय? शेवाळ्याला ती नजर सोसेना. त्याच्या तोंडून निघून गेलं, "ती मीठ चाटायला थांबली. मी नको नको म्हणत होतो."

तो नको म्हणाला नव्हता. तो शेजारी उभा राहून तोच दगड चाटत होता.

पण त्या एका वाक्यानं कळपाचे खांदे सैल पडले. मीठ चाटल्यानं मरण येतं तर मीठ चाटायचं नाही, झालं. चूक टाळता येते. नुसता बाणच असेल, तर त्याला कोण काय करणार? हरणं चरायला पांगली, जाता जाता शेवाळ्याच्या अंगाला अंग घासून गेली. त्याला स्वतःलाही जरा बरं वाटलं. दवणीवर थोडा राग धरता आला, आणि राग दुःखापेक्षा हलका असतो. त्यानं पाडसाला चाटत मनाशी ठरवलं, की रानातली एकूण एक चूक आपण हुडकून काढायची. म्हणजे ही जगेल. बाकी कळपाचं काही होवो, ही जगली पाहिजे.

मग नेम वाढत गेले. पलाशी नावाची मादी एकटी पाणवठ्यावर गेली आणि पडली. तिची खोट निघाली एकटेपणा. तेव्हापासून सगळ्यांनी मिळूनच पाण्याला जायचं ठरलं. पुढच्या खेपेला दोघं पांगून पळाले आणि त्यातला एक गेला. मग ओळ सोडायची नाही असं ठरलं. एकजण उंच गवतात पडला, म्हणून उंच गवत बंद. एकजण उघड्या माळावर पडला, म्हणून माळही बंद. एक नर बाण सुटल्याचा आवाज ऐकून उधळला आणि त्याचा पाय मोडला, तेव्हा शेवाळ्यानं सांगितलं, "पळणाऱ्याचाच पाठलाग होतो. तातेचा आवाज आला की जागच्या जागी उभं राहायचं. हललं तर गेलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. हा नेम तर लहान पाडसांनाही पटला.

कुसळी हे सगळे नेम तोंडपाठ म्हणून दाखवी. ती मोठी गुणी निघाली. आईसारखेच डोळे, आईसारखीच मिठाची आवड, पण मिठाच्या दगडाकडं तिनं कधी ढुंकून पाहिलं नाही. शेवाळ्या तिच्याकडं बघून मनात म्हणे, माझ्या सगळ्या शहाणपणाचं हे फळ.

चार-पाच वर्षांत त्या एवढ्या थोरल्या रानात हरणांना चालायला एकच वाट उरली. कड्याच्या कडेनं, दोन खडकांच्या मधून, सकाळी दव वाळल्यावर, एकामागं एक. बाकीचं रान हिरवंगार मोकळं पडलं होतं. त्यात चरलं असतं तर शिस्त मोडली असती.

दुपायाचंही बरं चाललं होतं. पूर्वी एका हरणासाठी त्याला अधू पाय ओढत चार-चार दिवस भटकावं लागे. वारा बघा, माग काढा, काट्यांत पोटावर सरपटा. आता तो दोन खडकांजवळ दगडावर येऊन बसे. पूर्वी तीस पावलांवरून नेम धरावा लागायचा, आता पंधरा पुरत. पाती तो कशीबशी घडवी. घारीची पिसं हुडकायला झाडावर चढणं त्यानं सोडून दिलं. धनुष्याला मधोमध चीर पडली होती, तिलाही नुसता धागा गुंडाळून ठेवला होता. कपारीत बसून तो स्वतःशी म्हणे, "हात बसला बघ आता माझा." आयत्या बिळावरच्या नागोबालाही कधी कधी वाटतं, की बीळ आपणच खणलं.

कळपात खुरटी नावाची एक म्हातारी होती. दात झिजलेले, पण जीभ शाबूत. एका बैठकीत, कुणाची तरी खोट काढणं चालू असताना, ती मधेच म्हणाली, "अरे शेवाळ्या, किती चघळतोस? त्याचं काही चुकलं नव्हतं. बाण लागला म्हणून मेला तो."

"बाण तर सगळ्यांवरच रोखलेला असतो, आजी," लव्हाळ्या म्हणाला. हा शेवाळ्याच्या खालोखाल मानाचा नर, बैठकीत त्याच्या उजव्या हाताला बसणारा. "लागतो तो चुकणाऱ्यालाच."

"मी मोजलंय," खुरटी म्हणाली. "एक बाण सुटला की दुसरा सुटेपर्यंत त्याला वेळ लागतो. तो पाय सावरतो, दातांतला बाण काढतो, तातेला लावतो, ओढतो. माझे सात श्वास होतात तेवढ्यात. म्हातारीचे बरं का, सावकाश. पंधरा पावलांवर बसतो मेला. सात श्वासांत इथला कुठलाही नर त्याच्या छातीशी पोचेल. का ही शिंगं नुसती दरसाल गाळायलाच आहेत? गाळलेली तो उचलून नेतो आणि त्यांनीच गार टोकरतो, ते तरी दिसतं का कुणाला?"

कितीतरी नरांनी नकळत आपापल्या शिंगांचा भार जोखला. त्या घटकेला काहीतरी होऊ शकलं असतं. पण खुरटीचं म्हणणं खरं मानायचं, तर दवणीचं काही चुकलं नव्हतं. पलाशीचं चुकलं नव्हतं. आजवर मोहाखाली जे जे बोललं गेलं, ते सगळं गवताच्या काडीच्या मोलाचं होतं. शेवाळ्यानं घसा साफ केला आणि मायेनं म्हणाला, "आजी, वय झालं तुमचं. ओळीत मागं चालत जा आता, पुढं धाप लागते."

ओळीतली शेवटची जागा काय असते, ते सगळ्यांना माहीत होतं. महिन्याभरात खुरटी पडली. तिची खोट काढायला फार वेळ लागला नाही. ती बोलत होती. तेव्हापासून वाटेवर तोंड उघडायचं नाही असा नेम झाला.

त्या दिवशी माघारी येताना कुसळीनं विचारलं, "आप्पा, सात श्वास म्हणजे किती हो?"

"तुला मोजायची गरज पडणार नाही," शेवाळ्या म्हणाला.

पळस फुलले होते त्या सकाळची गोष्ट. कळप ओळीनं वाटेला लागला. सगळ्यांत पुढं शेवाळ्या, त्याच्या मागं कुसळी. दोन खडकांपाशी दुपाया बसलाच होता. आता तो लपतही नसे. तो उठला, त्यानं धनुष्य उचललं. चिरलेला बांबू कुरकुरला आणि बाण सुटला.

बाण वाकडा गेला. कुसळीच्या पायाजवळच्या खडकावर आदळून गारेच्या पात्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

कुसळीनं नेमाप्रमाणं केलं. ती पळाली नाही. ओळीतून हलली नाही. तोंडातून आवाज काढला नाही. फक्त तिनं मान वळवून बापाकडं पाहिलं. काय विचारते आहे, ते शेवाळ्याला कळलं. उभी राहू ना, आप्पा?

आणि शेवाळ्यानं मान हलवली. राहा.

मग त्याला आपलाच श्वास ऐकू आला. एक. दुपायानं अधू पाय सावरला. दोन. त्यानं दातांतला बाण काढला, तो हातातून निसटून खाली पडला. तीन. तो वाकला. वाकलेल्या माणसाची पाठ कशी दिसते, ते शेवाळ्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बरगड्या मोजता येतील इतकी ती हाडकुळी होती. पंधरा पावलं. मधे एक दगडसुद्धा नव्हता. चार. शेवाळ्याच्या पुढच्या पायांत काहीतरी दाटून आलं, खूर मातीत रुतला, मान आपोआप खाली झुकली, शिंगांची टोकं समोर आली. पाच. मागं एकशे बारा जण नेमानं उभे होते. आपणच घातलेला नेम आपणच त्यांच्यासमोर मोडायचा? सहा. तात ताणली गेली. चुकेल, शेवाळ्याला वाटलं, पहिला चुकला तसा हाही चुकेल. त्यानं मान पुन्हा वर घेतली.

सात.

तिसऱ्या दिवशी कळप मोहाखाली जमला. त्या दिवशी कुणी गवत चघळत नव्हतं. कुसळीची खोट कळल्याशिवाय कुणाच्या घशाखाली घास उतरला नसता, कारण कुसळी सगळे नेम पाळणारी होती. तिलाच बाण लागतो, तर मग उरलं काय?

शेवाळ्या नेहमीच्या जागी उभा राहिला. खरं त्याच्या जिभेच्या टोकावर होतं. तिचं काही चुकलं नाही. एवढे चार शब्द. पण ते उच्चारले की मिठाच्या दगडापाशी तो पुन्हा दवणीच्या शेजारी उभा राहणार होता, जिभेवर तीच खारट चव घेऊन. त्याहून वाईट म्हणजे तो परवाच्या पंधरा पावलांवर उभा राहणार होता, आणि कळप विचारणार होता, तुमच्या पायांना काय झालं होतं, आप्पा?

"आप्पा," लव्हाळ्या हळूच म्हणाला, "काहीतरी असेलच ना. असल्याशिवाय कसं होईल?"

शेवाळ्याचा आवाज फुटला. "तिनं मान वळवली," तो म्हणाला. "माझ्याकडं पाहिलं."

कळपानं एकदमच श्वास सोडला. सगळ्यांना हायसं वाटलं. वाटेवर मान वळवायची नाही, पुढच्याच्या खुरांवरून नजर काढायची नाही, असं ठरलं आणि हरणं पांगली. जाता जाता एकेकजण शेवाळ्याच्या अंगाला अंग घासून गेलं. त्याला वाटलं, आपलं कातडं कुणीतरी सोलून नेतं आहे. त्यानंतर तो नीट चरला नाही. कुसळी जिथं झोपायची तिथलं गवत उभं राहायला लागलं होतं. रोज जाऊन तो ते खुरानं पुन्हा बसवून येई.

पावसाळी हवा सुरू झाली आणि दुपायाचं धनुष्य एका सकाळी ओढता ओढता मधोमध तुटलं. नवीन बांबू तोडायचा, शेकायचा, वाकवायचा, म्हणजे महिन्याचं काम. त्यानं दोन्ही तुकडे होते तिथंच, वाटेवर, टाकून दिले. मग थोडा वेळ डोकं खाजवलं. जवळ एक पातं शिल्लक होतं. त्याला बोरू न बांधताच त्यानं ते मुठीत धरलं, आणि दगडावर बसायचं सोडून वाटेच्या अगदी कडेला येऊन उभा राहिला.

ओळ आली. पुढं शेवाळ्याच होता. त्याची नजर खाली, म्हणून त्याला ते तुकडे दिसले.

आधी त्याला ओळखच पटली नाही. इतकी वर्षं ज्याच्या नुसत्या कुरकुरीनं रक्त थिजत होतं, ती वस्तू अशी असते? एक सुकलेला बांबू. ओला असता तर त्यानंच कधी ओरबाडून खाल्ला असता. एका तुकड्याला मळकट तात लोंबत होती. त्यानं खूर त्यावर ठेवला आणि दाबला. काडकन आवाज झाला. काहीच घडलं नाही. त्यानं दुसऱ्यांदा दाबला, सगळं बळ लावून, आणि त्याच्या घशात कुसळीचं नाव आणि हसू एकाच वेळी दाटलं. धनुष्य नाही. बाण नाही. समोर एक लंगडा माणूस आहे आणि मागं एकशे दहा जण. एक शब्द पुरेल. त्यानं नेम मोडून मान वळवली, तोंड उघडलं.

मागच्या हरणांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यांची नजर नेमाप्रमाणं खुरांवर होती. शब्द बाहेर पडायच्या आत त्याच्या मानेवर एक हात आला, बाजारात वांगं दाबून बघावं तसा, आणि दुसऱ्या हातातलं पातं कानामागं टेकलं.

तिसऱ्या दिवशी मोहाखाली लव्हाळ्यानं घसा साफ केला. त्यानं सगळं पाहिलं होतं, म्हणजे जेवढं खुरांकडं बघताना दिसतं तेवढं. आप्पांच्या आठवणीनं त्याचे डोळेही पाणावले होते. "आप्पांनी धनुष्याला पाय लावला," तो म्हणाला.

आता दव वाळल्यावर कळप ओळीनं येतो. धनुष्याचे दोन तुकडे अजून वाटेवर तसेच पडलेले आहेत. तिथं आलं की प्रत्येक हरीण थांबतं, मान अदबीनं खाली झुकवतं, मग एक-एक पाय उंच उचलून, खूर लागणार नाही अशा बेतानं ते तुकडे ओलांडतं. पाडसांना थोडा जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ दुपाया त्यांच्या अगदी शेजारी, हाताच्या अंतरावर उभा असतो, गारेच्या पात्यावर अंगठा फिरवत, आज कुणाला घ्यावं ते बघत.